कोरिडोरास मासा मधूनच पृष्ठभागाकडे झेप का घेतो?

टाकीतील ब्राँझ कोरिडोरास दर थोड्या वेळाने सुसाट वर येऊन पुन्हा तळाशी जातो, हा आजार आहे का, असा आपला प्रश्न आहे. हा आजार नाही. तो हवा गिळण्यासाठी वर येतो. दक्षिण अमेरिका आणि त्रिनिदाद येथील संथ, कधीकधी गढूळ पाण्यात राहणारा हा जेमतेम 6–7 सेंटिमीटरचा मासा कल्ल्यांनी श्वास घेतोच. शिवाय गिळलेल्या हवेतील ऑक्सिजन रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असलेल्या आतड्याच्या मागील भागातून शोषतो आणि उरलेली हवा गुदद्वारावाटे सोडतो. (फुप्फुसाचे काम आतड्याने करावे, हे मला या माशाच्या दोन्ही कुशींवरील हाडांच्या पट्ट्यांच्या चिलखताहूनही नवलाचे वाटते.)

मात्र या फेऱ्या एकाएकी फार वाढल्या, तर पाण्यातील ऑक्सिजन घटला आहे किंवा पाणी दूषित झाले आहे असे समजून त्यातील काही भाग बदलावा. टाकी झाकणापर्यंत भरू नये. पाण्यात पुरेसा ऑक्सिजन असेल तर हा मासा हवा न गिळताही जगू शकतो, पण ऑक्सिजन घटल्यावर पृष्ठभागावर मोकळी हवा न मिळाल्यास तो तग धरू शकत नाही.