पाड्याची निगा कोण शिकवणार?

प्रश्न : मी सत्तरी तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात कृषी विषय शिकवतो. अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गुरांची जबाबदारीने निगा कशी राखावी, याचे 'बीफ क्वालिटी अ‍ॅश्युरन्स' नावाचे प्रशिक्षण शालेय विद्यार्थ्यांनाही दिले जाते, असे वाचनात आले. माझ्या वर्गात गोमांस खाणाऱ्या घरांतील मुले आहेत, तशीच गाय पूजणाऱ्या घरांतीलही आहेत. हा विषय येथे शिकवावा की बाजूला ठेवावा?
— एक शिक्षक, वाळपई

उत्तर : बाजूला ठेवू नये. गोव्यात गायीच्या कत्तलीला 1978 च्या कायद्याने बंदी आहे आणि बैल, रेडे यांच्यासाठी 1995 च्या कायद्यानुसार सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो, एवढे सांगून आपण पुढे जावे. या प्रशिक्षणाचा बराचसा भाग जनावर जिवंत असतानाच्या हाताळणीचा, औषधांचा आणि नोंदींचा आहे, आणि तो दोन्ही घरांतील मुलांच्या उपयोगाचा आहे.

इंजेक्शनचेच उदाहरण घ्या. तेथे ते पुठ्ठ्यावर न देता मानेत, खांद्याच्या पुढे द्यावे आणि एका जागी 10 मिलिलिटरपेक्षा जास्त औषध सोडू नये, असे शिकवतात. कारण सुई टोचलेल्या जागी स्नायूत गाठ धरते, मांस निबर होते आणि पुठ्ठ्याचे मांस मानेच्या मांसापेक्षा महाग असते. आपल्याकडे मांसाचा विचार क्षणभर सोडला, तरी पुठ्ठ्यावर चुकीच्या जागी गेलेल्या सुईने मागच्या पायाची नस दुखावून जनावर लंगडू शकते, हे कारण पुरेसे आहे. मात्र सुई विद्यार्थ्याच्या हाती देऊ नये. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 नुसार उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे. विद्यार्थ्याने शेजारी उभे राहून वही लिहावी.

ही वहीच या अभ्यासाचा कणा मानावी. कानातील बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक, औषधाचे नाव व बॅच, मात्रा, तारीख, आणि दूध किंवा मांस कोणत्या दिवसापर्यंत विकायचे नाही, एवढ्या नोंदी तीत असाव्यात. 2012 पासून औषधाच्या वेष्टनावर हा थांबण्याचा काळ छापणे बंधनकारक आहे; तो त्या औषधासाठी निश्चित झालेला नसेल, तर दुधासाठी किमान 7 आणि मांसासाठी किमान 28 दिवस धरावे लागतात. कासदाहावर, म्हणजे कासेच्या सुजेवर, अँटिबायोटिक दिलेल्या गायीचे दूध दुसऱ्याच दिवशी सोसायटीत घालणाऱ्या घरातील मुलाला हा नियम सर्वांत आधी कळला पाहिजे, मग त्या घरात मांस शिजत असो वा नसो.

गुरे हाकण्याचा धडा प्रत्यक्ष गोठ्यातच द्यावा. जनावराच्या अगदी मागे त्याला दिसत नाही, म्हणून तेथून गुपचूप जवळ जाऊ नये. खांद्याच्या रेषेच्या मागे सरकले की ते पुढे चालते आणि पुढे आले की थबकते. हे एकदा अंगवळणी पडले की आरडाओरडा आणि शेपटी पिरगाळणे यांची गरज उरत नाही. सत्तरीत आणखी एक दक्षता हवी : येथे 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीमुळे पसरतो, म्हणून रानात चरून आलेल्या गुरांच्या अंगावरील गोचिडी मुलांना उघड्या हाताने काढू देऊ नयेत.

आता ज्या प्रश्नाला आपल्याकडे सगळेच बगल देतात, तो पाड्याचा, म्हणजे नर वासराचा. संकरित गायीला झालेला पाडा दूध देत नाही आणि नांगराची जागा पॉवर टिलरने घेतल्यामुळे त्याला कामही उरलेले नाही. अमेरिकेत असे वासरू मांसासाठी वाढवले जाते, आपल्याकडे ते पुष्कळदा रस्त्यावर सोडले जाते आणि रात्री वाहनाखाली येते. गायीला मान देणारे घरही येथे उणे पडते, हे वर्गात स्पष्ट बोलावे. पाड्यालाही कालवडीइतकाच चीक मिळाला का, म्हणजे जन्मानंतर पहिल्या एक-दोन तासांत सुरुवात करून दिवसभरात वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका, हे विद्यार्थ्यांनी आपापल्या किंवा शेजारच्या गोठ्यात पाहून लिहावे. प्रात्यक्षिकाचे अर्धे गुण आपण या वहीला ठेवलेत आणि ती दर महिन्याला स्थानिक पशुवैद्यकांकडून तपासून घेतलीत, तर तिच्यात परीक्षेच्या आदल्या रात्री भरलेल्या नोंदी सहज ओळखू येतील.