बारा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर सायकलवर भटकायला लागलाय. हेल्मेट घेऊन दिलं, आणखी काय शिकवावं? त्याच्या मित्रांना काही सांगावं का?

हेल्मेट दिलंत ते उत्तम, फक्त नीट बसतंय का ते बघा. ते कपाळावर हवं, भुवयांच्या वर साधारण दोन बोटांवर, आणि हनुवटीखालचा पट्टा एखाददुसरं बोट जाईल इतका घट्ट. मुलं ते मागे सरकवून घालतात, मग तोंडावर पडल्यावर त्याचा उपयोग नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला, कारण आतला फोम दबला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

पण हेल्मेट कामाला येतं ते पडल्यावर. पडूच नये म्हणून मी सगळ्यात आधी मागे वळून बघायला शिकवेन. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल, आणि सायकल बघितलं त्याच बाजूला सरकते. म्हणजे मागून गाडी येतेय का हे बघायला गेलेला मुलगा तिच्याच वाटेत जातो! मोकळ्या मैदानात एक सरळ रेघ आखा, त्याला रेघेवरून चालवायला सांगा आणि मागे उभं राहून बोटं दाखवा. रेघ न सोडता किती बोटं ते सांगता आलं, की मग एक हात सोडून इशारा करायला शिकवा. हात दाखवला म्हणजे रस्ता आपला झाला, असं मुलांना हमखास वाटतं. आधी बघायचं, मग हात, मग पुन्हा बघून वळायचं.

दुसरं म्हणजे ब्रेक. 'पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील' हे घरोघरी सांगितलं जातं आणि ते अर्धवट आहे. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवायची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. नुसत्या मागच्या ब्रेकवर चाक घसरतं आणि थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर लागू शकतं. दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू दाबत न्यायचे आणि अंग मागे ठेवायचं. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. ब्रेककडे बोट जाईपर्यंतच तेवढं अंतर गेलेलं असतं. रिमवर दाबणारे ब्रेक पावसात उशिरा धरतात, तेव्हा आणखी आधीपासून दाबायला हवेत.

आता मित्र. एकटा असताना शहाण्यासारखा चालवणारा मुलगा टोळक्यात वेगळाच होतो. पहिला रस्ता ओलांडतो, 'चल, चल' ओरडतो, आणि तिसरा-चौथा रस्त्याकडे न बघता त्याच्या पाठीकडे बघत निघतो. पहिल्याला मिळालेली फट चौथ्यापर्यंत उरलेली नसते. म्हणून एकच नियम पक्का करा: रस्ता प्रत्येकाने स्वतः बघून ओलांडायचा, आणि पुढे गेलेल्याने पलीकडे थांबायचं. मागे राहिलेल्याला हाका मारून घाई करायची नाही. सगळ्यात हळू चालवणाऱ्याला मधे ठेवलं तर तो एकटा मागे पडत नाही. गप्पा मारत तिघांनी शेजारी-शेजारी चालवणं रिकाम्या मैदानावर ठीक, रस्त्यावर नाही.

पायी चालणाऱ्यांच्या बाबतीत मी जरा कडक आहे. अगदी पाठीशी येऊन घंटी खणखणवली की म्हातारं माणूस दचकतं आणि नेमकं नको त्या बाजूला पाऊल टाकतं. घंटी लांबून, एकदाच. मग वेग चालण्याइतका करून, अंतर सोडून पुढे जायचं. समोर लहान मूल किंवा कुत्रं असेल तर ते कुठेही वळेल असं धरूनच. फुटपाथवरून जायची वेळ आली तर उतरून सायकल हातात धरावी.

उभ्या गाड्यांना चिकटून चालवू नये, दार कधीही उघडतं. पूर्ण उघडलेल्या दाराएवढी जागा सोडायची. वळायला आलेल्या बस-ट्रकच्या बगलेत तर घुसायचंच नाही, ड्रायव्हरला तिथली सायकल दिसतच नसते. कानात इअरफोन नको. अंधार पडायला लागला की पुढे पांढरा, मागे लाल दिवा.

त्याच्या मित्रांना जमवून भाषण देऊ नका, तुमचाच मुलगा ओशाळेल. त्यापेक्षा एखाद्या सुट्टीच्या सकाळी सगळ्यांना सायकली घेऊन बोलवा. टायरमधली हवा, चेन, ब्रेकची रबरं त्यांच्याच हातांनी तपासून घ्या. कुणाची ना कुणाची रबरं झिजलेली निघतीलच. तेवढ्यात मैदानावर रेघ आखलेली असली तर ती पोरं आपणहून पैज लावतील.