यंत्रं आधी की माणसं?

प्रश्न : जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आमची संस्था प्रशिक्षण आखते आहे. गरिबांच्या जमिनी लवकर नोंदल्या जाव्यात, हा हेतू. बराचसा निधी मोजणीची नवी यंत्रं आणि ती शिकवण्यावर जाईल. हे योग्य आहे का?

उत्तर : हेतू चांगला, पण खर्चाचा क्रम मला पटत नाही. माझी उमेदीची वर्षं मोजणी शिकवण्यात गेली, तेव्हा यंत्रांशी माझं वैर असायचं कारण नाही. पण गरिबाची नोंद सेंटिमीटरसाठी क्वचितच अडते.

रवांडात २००९ ते २०१३ या काळात जमिनीच्या सुमारे १ कोटी तुकड्यांची हद्द ठरवली गेली. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांचे छापील कागद थेट शेतावर नेले. थोडंसं शिकवलेली स्थानिक मंडळी शेजाऱ्यांना बोलावत, सगळ्यांसमोर हद्द दाखवून घेत आणि कागदावर रेघ ओढत. परवानाधारक मोजणीदारांची वाट पाहिली असती, तर नातवंडांची लग्नं झाली असती! कामापुरती अचूकता आधी, सुधारणा पुढे, हाच सल्ला मोजणीदारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं आणि जागतिक बँकेनं २०१४ मध्ये दिला. आमच्या धंद्यातल्या अनेकांना तो अजून झोंबतो.

तिथली खरी अडचण पुढे आली. खरेदी-विक्री नोंदवण्याचं शुल्क तुकडा लहान असो की मोठा, सारखंच होतं. मग छोट्या तुकड्याचे व्यवहार आपसातच होऊ लागले आणि नोंदवही शिळी पडू लागली. ज्यांचं लग्न कायद्यानं नोंदलेलं नव्हतं, त्या बायकांचा हक्कही कच्चा राहिला. इथिओपियातल्या काही प्रदेशांनी प्रमाणपत्रावर नवरा-बायको दोघांची नावं आणि छायाचित्रं घातली. त्याला कुठलं यंत्र लागलं नाही.

म्हणून निम्मा वेळ खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला द्या. वर्गात एक प्रकरण ठेवा : नवरा वारलेला, कागद सासऱ्याच्या नावावर, दोन दीर गप्प. ही बाई खिडकीशी आली तर तिला काय विचाराल, कोणता पुरावा चालेल, किती खेपा घालायला लावाल? अर्जात फक्त ‘मालक’ एवढाच रकाना असेल तर कूळ आणि सामाईक चराईवाले कुठे लिहाल, हेही विचारा. उत्तरं अडली, की अभ्यासक्रम तिथूनच लिहायला घ्या. यंत्र सध्या एखादंच पुरे.