प्रवाळांच्या मत्स्यटाकीला कॅल्शियम रिअ‍ॅक्टर (कार्बन डायऑक्साइडने चुनखडीसारखी खडी विरघळवून ते पाणी टाकीत ठिबकवणारं यंत्र) चालू असूनही टाकीची अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) घसरतेय, काय बदलू?

आधी रिअ‍ॅक्टरमधून ठिबकणाऱ्या पाण्याचं डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) मोजा. ते टाकीपेक्षा जेमतेमच जास्त असेल, तर आतली खडी विरघळतच नाहीये. मग आतला पीएच ६.५ ते ६.७ पर्यंत येईल इतके कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे हळूहळू वाढवा. त्याच्या फार खाली नेलात तर खडीचा चिखल होतो आणि सगळं उपसत बसावं लागतं (मी बसलोय!). ठिबकणारं पाणी २५-३० डीकेएच असूनही टाकी घसरतेय? मग गॅसला हात लावू नका, फक्त थेंब वाढवा. त्याने आतला पीएच चढतो, तो पुन्हा बघा. एका वेळी एकच बदल, मग दोन दिवस थांबायचं. आणि हो, त्याआधी नळीचं टोक तपासा. बरेचदा तिथेच कचरा अडकून थेंब मंदावलेले असतात.