नोकरीचे संरक्षण करणारे कायदे कडक असले तर कंपन्या भरती कमी करतात का?

अशा कायद्यांमुळे नोकरीवरून काढणे आणि नव्याने घेणे ही दोन्ही मंदावतात. एकूण बेरोजगारी त्यामुळे वाढते का, यावर मात्र अर्थतज्ज्ञांत अजूनही एकमत नाही. अमेरिकेत, मोंटाना राज्याचा अपवाद सोडल्यास, भेदभावासारखे बेकायदा कारण नसेल तर मालक कोणतेही कारण न देता नोकरी संपवू शकतो, त्यामुळे मंदीत बेरोजगारी झपाट्याने वाढते आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ती १० टक्क्यांवर गेली होती. त्याच वर्षी जर्मनीचे उत्पन्न अमेरिकेपेक्षा अधिक घसरूनही तेथील बेरोजगारी फारशी वाढली नाही. कामाचे तास कमी करून बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारी विम्यातून देण्याची तेथील सोय याला बऱ्याच अंशी कारणीभूत होती.

स्पेनचा अनुभव अधिक बोलका आहे. कायम कामगाराला काढणे महाग आणि तात्पुरते करार सोपे, अशी दुहेरी व्यवस्था तेथे १९८४ पासून रुजली, आणि २००८ नंतरच्या संकटात कुऱ्हाड प्रथम तात्पुरत्या, म्हणजे बहुतांशी तरुण कामगारांवर पडली.

भारतात कामगार कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची करणारी तरतूद १९७६ मध्ये ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना, खाणींना व मळ्यांना लागू झाली, १९८२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा १०० वर आली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने पुन्हा ३०० केली. मधल्या काळात अनेक कारखान्यांनी कंत्राटी कामगारांची वाट धरली, ज्यांना या संरक्षणाचा उपयोग जवळजवळ नव्हताच.