नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात दिसणारे चित्रबलाक आणि मुग्धबलाक हे दोन करकोचे कसे ओळखायचे?

सरळ चोचीकडे बघा. रंगावर जाल तर फसाल, कारण दुरून दोन्ही पांढरे-काळेच दिसतात.

मुग्धबलाकाच्या चोचीत मधोमध फट असते. चोच मिटली तरी आरपार उजेड दिसतो! गोगलगाय हे त्याचं मुख्य खाणं. शंख न फोडता तो खालच्या चोचीचं टोक आत घालून मांस ओढून काढतो. आणि पिल्लांना ही फट नसते बरं का, ती वाढत्या वयात येते. त्यामुळे बिनफटीचं पिल्लू दिसलं तर गोंधळू नका.

चित्रबलाक अंगाने बराच मोठा. चोच पिवळी, टोकाशी किंचित खाली वाकलेली, छातीवर काळा पट्टा, शेपटीजवळ सुंदर गुलाबी पिसं. तो अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून इकडून तिकडे फिरवतो, पायाने गाळ ढवळतो आणि मासा चोचीला लागताच पकडतो. डोळ्यांपेक्षा स्पर्शावर भरवसा.

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमावरचं हे अभयारण्य २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. हिवाळ्यात पहाटेच पोहोचा, दुर्बीण मात्र विसरू नका.