नणंदेसमोर न सांगितलेली गोळी

ताई, येत्या आठवड्यात माझं पित्ताशय काढायचं आहे. भुलीतून जागच आली नाही तर? किंवा ऑपरेशन चालू असताना मध्येच जाग आली तर? आठवडाभर छातीत धडधडतं, हात थरथरतात, रात्री डोळा लागत नाही. पूर्वी चार वर्षं रोज झोपेची गोळी घ्यायचे. भूलतज्ज्ञांनी विचारलं तेव्हा नणंद शेजारी होती, म्हणून काही घेत नाही असं सांगितलं आणि घरी येऊन गोळी बंदच केली. मनाची समजूत कशी घालू?

मनाचं नंतर बघू. गोळीचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझा जीव तिथेच अडकला.

आठवड्यापूर्वीपर्यंत घेतलेल्या गोळीला ‘पूर्वी’ म्हणू नका. रोजची झोपेची गोळी अशी एकदम तोडली की धडधड, थरथर, जागरण हे सगळं होऊ शकतं, कधी फिटही येते. भुलीच्या भीतीने होतंय असं तुम्हाला वाटतं, त्यातलं बरंचसं या गोळीमुळे असू शकेल.

भूल एकदा देऊन कोणी निघून जात नाही. औषध चालू असतं तोवर ती टिकते, थांबवलं की उतरते. भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत उशाशी असतात. नाडी, रक्तदाब, रक्तातला प्राणवायू, सगळं त्यांच्या नजरेसमोर असतं. मध्येच जाग येणंही फार विरळ. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत साधारण १९,००० भुलींमागे अशी एक तक्रार आढळली. पण औषध किती द्यायचं हे ठरवताना तुमची उत्तरंही धरलेली असतात. रोज झोपेची गोळी घेणाऱ्याला भुलीचं औषध जास्त लागू शकतं. गोळी अंगात असेल, तर ऑपरेशननंतरच्या काही वेदनाशामकांबरोबर श्वास मंदावू शकतो. हे त्यांना माहीत नको?

नणंद काय म्हणेल याची मला अजिबात पर्वा नाही. टेबलावर तुम्ही असणार आहात, ती नाही.

आजच हॉस्पिटलला फोन करा. ‘मला भूलतज्ज्ञांशी एकटीने बोलायचंय’ एवढंच म्हणा, कारण सांगायची गरज नाही. जाताना गोळीचं पाकीट न्या. कधीपासून घेत होता, किती, शेवटची कधी घेतली, सगळं सांगा. गोळी पुन्हा सुरू करायची की नाही, ऑपरेशन पुढे ढकलायचं की नाही, ते ठरवतील. तुम्ही मनाने काही करू नका. आणि थरथर वाढली किंवा काही सुचेनासं झालं, तर फोनची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.